एडीएचडी आणि आहार : काय तपासावे, काय बंद करावे आणि काय मुकाट्याने खाऊ द्यावे?

सोनचाफा :

माझा मुलगा आठ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. त्याच्या गणिताच्या वहीचे एक पान समोर ठेवून हे लिहीत आहे. पहिली तीन उदाहरणे अचूक आहेत, चौथ्यात ‘हातचा एक’ वर लिहिला आहे पण तो मिळवलेलाच नाही, आणि पाचव्याच्या जागी लोकलचा डबा काढला आहे, तोही खिडक्यांच्या गजांसकट. जूनपासून दिवाळीपर्यंत पाण्याच्या चार बाटल्या आणि एक स्वेटर हरवून झाला.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही बालविकासतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आमच्याकडून आणि वर्गशिक्षिकांकडून स्वतंत्र प्रश्नावल्या भरून घेतल्या, मुलाबरोबर दोन बैठका केल्या आणि एडीएचडीचे, म्हणजे अवधान न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराचे निदान केले. त्यातही चंचलतेपेक्षा अवधानाचा अभाव ठळक असलेला प्रकार. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ११.८ म्हणजे ठीक आले, परंतु फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप, केवळ ९ आले. तो तोंड उघडे ठेवून झोपतो आणि घोरतो, हे ऐकल्यावर त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवण्यास सांगितले.

ही बातमी घरात फुटल्यापासून सल्ल्यांना खंड नाही. सासूबाईंचा रोख साखरेवर आहे, नणंदेने गहू आणि दूध सोडायला सांगितले आहे, आणि एका परिचितांनी ‘कोणते अन्न सोसत नाही’ हे रक्तावरून सांगणारी एक महागडी चाचणी सुचवली आहे. घाबरून मी फ्रिजच्या दारावर ‘बंद’ अशा मथळ्याची यादी लावली. तिच्यात आजमितीस सतरा पदार्थ आहेत. मुलगा ती रोज वाचतो, आणि खरे सांगायचे तर इतक्या एकाग्रतेने त्याने दुसरे काही वाचलेले मी पाहिलेले नाही.

माझे प्रश्न दोनच आहेत. लोह कमी असणे हे या विकाराचे कारण आहे की केवळ योगायोग आहे? आणि या सतरांपैकी किती पदार्थांना खरोखर हद्दपार करायला हवे?

पळसपान :

मी जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. तुमचे निदान रीतसर झालेले दिसते, कारण घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणची माहिती घेतली गेली आहे. २०१३ पासून प्रचलित असलेल्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या निकषांनुसार अवधानाच्या अभावाच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ असावी लागतात, त्यांतील काही बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात आणि ती एकाहून अधिक ठिकाणी आढळावी लागतात. दवाखान्यात दहा मिनिटे मुलाला पाहून हे ठरवता येत नाही, आणि रक्ताच्या कोणत्याही चाचणीने तर नाहीच.

अशा चर्चांत तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. काही आजार एडीएचडीसारखे दिसतात पण ते एडीएचडी नसतात. काही गोष्टी एडीएचडीच्या जोडीला येऊन तो वाढवतात. आणि काही गोष्टी मुळाशी असतात. मुळाशी सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तो सुमारे ७४ टक्के निघतो. त्याखेरीज खूप आधी झालेला जन्म, जन्मतःचे कमी वजन आणि शरीरात गेलेले शिसे यांचा संबंध वारंवार दिसला आहे. आईने गरोदरपणी केलेल्या धूम्रपानाचाही संबंध आढळतो, पण त्यात आनुवंशिकतेचा हिस्सा किती आणि तंबाखूचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. वरणभातात काय कमी पडले, याचा क्रमांक या यादीत बराच खाली लागतो, हे मी प्रत्येक आईला सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक आई तोच अपराध मनात घेऊन येते.

आता सोंग घेऊन येणाऱ्या आजारांविषयी. चार ते दहा वर्षांच्या मुलांत फिट्सचा एक प्रकार असा असतो की मूल पडत नाही, झटके देत नाही, केवळ दहा-पंधरा सेकंद नजर थिजते आणि मग ते काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे चालू लागते. हे दिवसातून वीसदा घडले तर शिक्षकांना ते मूल ‘हरवलेले’ वाटते. मी दवाखान्यात अशा मुलाच्या हातात कागदी भिरभिरे देतो आणि दोन-तीन मिनिटे जोरजोरात फुंकायला सांगतो, हा आजार असेल तर बहुधा भिरभिरे थांबते, नजर शून्यात जाते आणि आईच म्हणते, “अहो, हे असेच होते.” मग मेंदूचा आलेख काढून खात्री करता येते.

दुसरे सोंग कानाचे. सर्दीनंतर पडद्यामागे चिकट द्रव साचून राहिला तर मूल बहिरे होत नाही, परंतु मागच्या बाकावरून त्याला निम्मेच ऐकू येते. तिसरे दृष्टीचे. थायरॉइडविषयी १९९३ साली एका संशोधनाने मोठे कुतूहल निर्माण केले होते, परंतु ते थायरॉइड संप्रेरकाला शरीर दाद देत नाही अशा एका विरळा आनुवंशिक विकाराविषयी होते. वाढ खुंटणे किंवा गळ्यावर सूज अशी लक्षणे नसताना प्रत्येक चंचल मुलाची थायरॉइड तपासणी करण्याचे कारण नाही.

लोहाविषयी सविस्तर लिहिणार आहे, पण ओपीडीची वेळ झाली.

कडूलिंब :

विषयाला धरूनच एक शंका मांडतो. आमच्या वर्गातही अशी मुले होतीच. गुरुजींच्या छडीने ती सरळ होत, आणि तेव्हा हे चार अक्षरी नाव नव्हते. पूर्वी घरात साखर रेशनची आणि मोजकी असे. आता पोराच्या डब्यात रोज क्रीमची बिस्किटे असतात. रोग वाढला की साखर वाढली, याचा विचार कोणी करणार आहे का?

आंबील :

कडूलिंबकाका, नाव नवे असले तरी वर्णन नवे नाही. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशाच मुलांचे वर्णन केले होते. छडीने सरळ झालेली मुले आपल्याला आठवतात. चौथीत शाळा सोडून गेलेली आठवत नाहीत.

मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे साखरेचा खटला माझ्याकडे येतो. तो १९९४ साली बऱ्यापैकी निकाली निघाला आहे. अमेरिकेतील मार्क वोलरेच आणि सहकाऱ्यांनी ४८ मुले निवडली. त्यांतील शाळकरी मुले तर अशी होती की ती साखरेने बिथरतात, असे त्यांच्या पालकांचे ठाम म्हणणे होते. घरातले सर्व अन्न काढून तीन-तीन आठवडे त्यांना वेगवेगळा शिधा दिला गेला : एकात भरपूर साखर, उरलेल्या दोनांत कृत्रिम गोडी. कोणता शिधा केव्हा चालू आहे, हे कुटुंबाला किंवा मोजमाप करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. वर्तनात आणि अवधानात साखरेमुळे म्हणावा असा फरक आढळला नाही. त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. मुलांना साखरविरहित पेय देऊन त्यांच्यापैकी निम्म्या आयांना ‘तुमच्या मुलाने भरपूर साखर घेतली आहे’ असे सांगण्यात आले. त्या आयांना आपली मुले अधिक चंचल वाटली, आणि त्या मुलांवर जास्त टीका करू लागल्या. वाढदिवसाला मुले उधळतात ती केकमुळे नव्हे, वीस मुले एका खोलीत असल्यामुळे.

दातांसाठी आणि वजनासाठी साखर कमीच हवी, परंतु एडीएचडीच्या नावावर ती बंद करण्यात अर्थ नाही.

रंगांचे प्रकरण मात्र वेगळे आहे आणि त्याला मी हसण्यावारी नेणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७३ साली कृत्रिम रंग आणि स्वाद यांच्याकडे बोट दाखवले. त्यांचा दावा फारच मोठा होता आणि पुढच्या चाचण्यांत तो तेवढ्या प्रमाणात टिकला नाही, पण पूर्ण पडलाही नाही. २००७ साली साउदम्प्टन येथे तीन वर्षांच्या १५३ आणि आठ-नऊ वर्षांच्या १४४ मुलांना रंग आणि सोडियम बेंझोएट हे पदार्थ टिकवणारे द्रव्य मिसळलेले पेय देऊन पाहिले गेले. ही मुले निदान झालेली नव्हती, सर्वसाधारण होती, तरीही चंचलतेत थोडी वाढ दिसली. थोडी हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि मुलामुलांत फरकही पुष्कळ होता. त्या मिश्रणांत मिळून सहा रंग होते. त्यांपैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोयसिन आणि पॉन्सो ४ आर हे चार आपल्याकडेही परवानगी असलेल्या रंगांत मोडतात. पाकिटावर ते अनुक्रमे १०२, ११०, १२२ आणि १२४ या क्रमांकांनी ओळखता येतात. गाडीवरची भडक जिलेबी, रंगीत बडीशेप, बर्फाचा गोळा यांना पाकीटच नसते, तेथे डोळ्यांनीच ठरवावे लागते.

सोनचाफाताई, तुमच्या सतरांपैकी मी भडक रंगाचे पदार्थ यादीत ठेवीन. गहू आणि दूध आजच काढून टाका. यादीतून, आहारातून नव्हे.

कालवाकाठ :

आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. येथे आणि संपूर्ण युरोपीय संघात जुलै २०१० पासून त्या सहा रंगांपैकी कोणताही वापरला असेल तर ‘मुलांच्या चंचलतेवर आणि अवधानावर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. परिणाम असा झाला की अनेक उत्पादकांनी सूचना छापण्याऐवजी रंगच बदलले.

गहू-दूध बंद करण्याचा मार्ग आम्ही स्वतः चालून पाहिला आहे, म्हणून लिहितो. याच देशात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार ते आठ वर्षांच्या १०० मुलांपैकी निम्म्यांना पाच आठवडे अत्यंत मर्यादित आहारावर ठेवले होते. भात, मांस, भाज्या, नासपती आणि पाणी हा त्याचा गाभा. बऱ्याच मुलांत मोठी सुधारणा नोंदली गेली. परंतु आहार कोणाचा चालू आहे हे पालकांना ठाऊक होते, आणि गुणही मुख्यतः त्यांच्याच सांगण्यावरून दिले गेले. साखरेच्या प्रयोगातील आयांची गोष्ट वाचल्यावर या त्रुटीचे वजन लक्षात येते. त्याच अभ्यासाचा एक निष्कर्ष मात्र सोनचाफा यांना थेट उपयोगी आहे. रक्तातील आयजीजी प्रतिपिंडांवरून कोणते अन्न बाधते हे ठरवता आले नाही. तुम्हाला सुचवलेली महागडी चाचणी बहुधा हीच असावी.

आम्ही हा आहार आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली केला. तिसऱ्या आठवड्यात मुलगा शाळेतल्या मित्राच्या डब्यातील पाव चोरून खाताना सापडला आणि रात्री रडत म्हणाला, “मी वाईट वागतो म्हणून तुम्ही मला जेवायला देत नाही का?” दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला तूप लावून पोळी दिली. काही कुटुंबांना या मार्गाने गुण आला असेल, ते मी नाकारत नाही. आमचे वजन दीड किलोने उतरले, आणि ‘आमचे’ म्हणजे त्याचे.

बाराखडी :

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात ४२ मुले आहेत. येथे ‘काय बंद करावे’ हा प्रश्न क्वचितच येतो, ‘सकाळी काय खाल्ले’ हा रोज येतो. अनेक मुले चहा आणि खारी किंवा चहा आणि शिळी चपाती एवढ्यावर येतात. प्रार्थनेच्या वेळी उभ्या-उभ्या भोवळ येते, आणि दुपारची खिचडी पोटात गेल्यावर तीच मुले निराळी वाटतात. ही भूक आहे, विकार नव्हे, एवढे ओळखण्याइतका अनुभव आम्हाला आला आहे.

आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतो. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी. गुलाबी गोळी काही मुले जिभेखाली ठेवून नंतर खिडकीबाहेर थुंकतात, म्हणून मी आता पाणी पिऊन झाल्यावर ‘आ’ करायला लावते.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. दंगा करणाऱ्या मुलाचे नाव आम्ही पहिल्याच महिन्यात तपासणी पथकाला देतो. भिंतीशी शांत बसून दिवसभर चुकीच्या पानावर बोट ठेवणाऱ्या मुलीचे नाव देत नाही. अशा एका मुलीला मी दोन वर्षे ‘मठ्ठ’ समजत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने तिला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवले, तेव्हा कळले की एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हते आणि दुसऱ्याने कमी. या कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता यांचाही समावेश आहे आणि तपासणी विनामूल्य असते, हे पालकांना सांगण्यासारखे आहे.

पळसपान :

आता लोह. मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या विकराला काम करण्यासाठी लोह लागते, आणि एडीएचडीत डोपामिनच्या व्यवहारातच बिघाड असतो. म्हणून हा प्रश्न संशोधकांना सुचला. फ्रान्समध्ये २००४ साली एडीएचडी असलेल्या ५३ मुलांचे फेरिटिन तपासले, तेव्हा ८४ टक्के मुलांचे ते ३० पेक्षा कमी होते. तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत हे प्रमाण १८ टक्के होते. नंतर लोह देऊन केलेल्या छोट्या चाचणीत लक्षणे काही अंशी कमी झाली. पण पुढील सर्वच अभ्यासांत हा फरक इतका ठळक निघालेला नाही, आणि आपल्याकडे तर घाईने निष्कर्ष काढण्याची सोयच नाही : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. लोहाची कमतरता हे एडीएचडीचे एकमेव कारण असते तर अर्ध्याहून अधिक महाराष्ट्र या निदानाखाली आला असता.

म्हणून उत्तर असे, की लोह कमी असल्याने तुमच्या मुलाला एडीएचडी झाला असे म्हणता येत नाही, परंतु कमी लोहामुळे त्याची चिडचिड, थकवा आणि अवधान अधिक बिघडत असण्याची शक्यता आहे, आणि ही भरून काढता येण्याजोगी गोष्ट आहे. हिमोग्लोबिन सामान्य असूनही कोठार रिकामे असू शकते, हेच तुमचा अहवाल दाखवतो. एवढ्यासाठी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन पाहावे, आणि ते ताप किंवा संसर्ग नसताना पाहावे, कारण आजारपणात हा आकडा फसवा वाढतो. रात्री तो पाय झाडतो का, झोपताना पायांत ‘कसेतरी होते’ म्हणतो का, हेही विचारा. त्याचाही लोहाशी संबंध आहे.

गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. मात्रा वजनावर ठरते, आणि घरात लहान भावंड असेल तर बाटली कुलपात ठेवा, कारण लोहाचा अतिरेक लहान मुलांना जिवावर बेततो.

घोरण्याविषयी अपेक्षा माफक ठेवा. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या, झोपेत श्वास अडणाऱ्या ४६४ मुलांवर झालेली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागील ग्रंथी) काढलेल्या मुलांची झोप, वर्तन आणि एकंदर जीवनमान सुधारले, परंतु अवधानाच्या प्रत्यक्ष चाचण्यांत लक्षणीय फरक पडला नाही. शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकीही जवळपास निम्म्यांची झोपेची तपासणी सात महिन्यांत सुधारली.

आंबील :

डॉक्टरांच्या म्हणण्याला स्वयंपाकघरातील पुरवणी जोडते. जेवणाबरोबरचा चहा प्रथम तोडा. त्यातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते, आणि मुलांना ‘दुधाचाच तर आहे’ म्हणून चहा देणारी घरे मला रोज भेटतात. पोह्यांवर लिंबू पिळणे ही नुसती चव नाही; क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते. अळीवाचे लाडू, मटकीची उसळ, लोखंडी कढईतील पालेभाजी, आणि खात असाल तर अंडी, मांस. गुळावर फार भिस्त ठेवू नका. चमचाभर गुळातून मिळणारे लोह नगण्य असते.

रानजाई :

आम्ही मालवणकडचे. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल या मुलांना द्याव्यात असे बरेच जण सांगतात. बाजारातला बांगडा असताना कॅप्सूल कशाला, असे माझे मत आहे. ते बरोबर आहे का?

आंबील :

पुष्कळसे बरोबर आहे. माशाच्या तेलातील ओमेगा-३ या स्निग्धाम्लांवरील दहा चाचण्यांतील ६९९ मुलांचा एकत्रित आढावा २०११ साली घेतला गेला. फायदा दिसला, पण छोटा, औषधाच्या परिणामापेक्षा बराच कमी. नंतरचे आढावे तर आणखी हात राखून बोलतात. बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा खाल्ल्याने नुकसान काहीच नाही; मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशात मात्र पारा अधिक साचतो, तो मुलांना वारंवार नको. शाकाहारी घरांत जवसाची चटणी चांगलीच, पण जवसातील स्निग्धाम्लाचे मेंदूला लागणाऱ्या प्रकारात रूपांतर फार थोडे होते. जस्ताच्या गोळ्यांचा तुर्कस्तानातील चाचणीत फायदा दिसला आणि अमेरिकेतील चाचणीत दिसला नाही. कमतरता नसेल तर त्या देऊ नयेत.

कालवाकाठ :

शिशाचा उल्लेख वर ओझरता आला, तो थोडा वाढवतो, कारण माझे काम रंगद्रव्यांशी संबंधित आहे. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे असावे. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली गेले, रंगातील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून आली. पण जुन्या वाड्याच्या दारांचे पोपडे, जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या जागा, सुरमा, चकाकीसाठी लेड क्रोमेट मिसळलेली सुटी हळद आणि भेसळीच्या कथलाने केलेली कल्हई या वाटा अजून उघड्या आहेत. लोह कमी असलेल्या मुलांच्या आतड्यांत शिसे अधिक शोषले जाते, म्हणून हे दोन विषय वेगळे नाहीत.

सोनचाफा :

चार महिन्यांनी लिहीत आहे. लोहाचे औषध सुरू आहे आणि फेरिटिन ९ वरून ३४ वर आले आहे. सकाळची रडारड खरोखर कमी झाली, आणि पाय झाडणे जवळजवळ थांबले. डॉक्टरांनी विचारले नसते तर ते मला सांगण्यासारखे वाटलेच नसते. नाकात फवारण्याचे औषध दिल्यावर घोरणे निम्म्यावर आले आहे, त्यामुळे शस्त्रक्रिया तूर्त पुढे ढकलली आहे. शिक्षिकांनी भरलेल्या दुसऱ्या प्रश्नावलीत ‘थकलेला दिसतो’ येथील खूण बदलली, परंतु ‘काम अर्धवट सोडतो’ आणि ‘वस्तू हरवतो’ येथील खुणा जिथल्या तिथे होत्या. म्हणून वर्तनोपचाराबरोबर मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरील औषधही सुरू केले आहे. फ्रिजवरील यादीत आता दोनच ओळी आहेत : भडक रंग आणि जेवणाबरोबर चहा.

नवीन अडचण अशी, की गोळी सुरू झाल्यापासून डबा जसाच्या तसा परत येतो आणि महिन्यात वजन ७०० ग्रॅमने उतरले. गोळी बंद करावी का?

पळसपान :

परस्पर बंद करू नका. दिवसा भूक मरणे हा या औषधाचा सर्वपरिचित परिणाम आहे, मात्र घटलेले वजन डॉक्टरांना या आठवड्यातच कळवा, म्हणजे मात्रेचा फेरविचार करता येईल. तोवर गोळीच्या आधी पोटभर न्याहारी द्या, थालीपीठ-लोणी किंवा अंडे-पोळी असे काही. दुपारच्या डब्यावरून वाद घालू नका. त्यात दोन-चार घासांचा लाडू किंवा दाण्याची चिक्की असली तरी चालेल. औषध उतरल्यावर संध्याकाळी सात-आठच्या सुमारास भूक परत येते, तेव्हा पूर्ण जेवण आणि निजण्यापूर्वी दूध-केळे द्या. उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या, आणि नाडी व रक्तदाबही प्रत्येक भेटीत मोजला जातो ना, ते पाहा.

कडूलिंब :

मिथाइलफेनिडेटची गोळी न्याहारीनंतर आणि लोहाची केव्हा? दोन्ही एकदम दिल्या तर चालते का? नातवासाठी विचारतो आहे. परवा त्याच्या वर्गशिक्षिकांनी आम्हालाही प्रश्नावली दिली.

पळसपान :

लोह संध्याकाळी, लिंबूपाण्याबरोबर द्यावे आणि दूध त्यानंतर दोन तासांनी. म्हणजे सकाळी एकाच वेळी दोन गोळ्यांवरून झटापट होत नाही. नातवाची प्रश्नावली मात्र आधी भरून होऊ द्या, काका. अजून त्याचे निदान झालेले नाही.